पेरायचे धने झाडावरच वेगळे काढा

जुळे सोलापुरातल्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. गच्चीवरच्या कुंड्यांत आणि दोन लहान वाफ्यांत त्या कोथिंबीर, मेथी, शेपू, तुळस आणि ओवा लावतात. गेल्या वेळी कोथिंबीर फुलावर गेली तेव्हा त्यांनी धने काढले, पत्र्यावर कडक उन्हात वाळवले आणि स्टीलच्या डब्यात भरले. अर्धे स्वयंपाकात संपले. त्यांचा वास बाजारच्या धन्यांपेक्षा सरस होता. उरलेले घटस्थापनेच्या सुमारास पेरले, तर मूठभर धन्यांतून चार-दोन रोपं वर आली. त्या विचारतात की घरचं एकच बी स्वयंपाकाला आणि पेरायला, दोन्हीकडे चालतं का, आपलं नेमकं काय चुकलं, आणि ओव्याच्या झाडाला बी का धरत नाही.

ताई, दोन्हीकडे चालतं. मी माझ्या वाफ्यांतलं बी वर्षानुवर्षं असंच वापरत आले आहे. पण स्वयंपाकघराला धन्याकडून वास हवा असतो आणि वाफ्याला त्याच्या आतला जीव हवा असतो, आणि या दोन गोष्टी एकमेकींवर अवलंबून नाहीत. वासाचं तेल धन्याच्या सालीत असतं. आतला अंकुर मेला तरी साल कित्येक महिने वास देत राहते. म्हणून सुरेख वासाचे धने उगवले नाहीत यात नवल काहीच नाही. तुम्ही सगळे धने एका हिशेबाने काढले, वाळवले आणि ठेवले. तो हिशेब स्वयंपाकाला पुरला, पेरणीला कमी पडला.

नेमकं कुठे कमी पडला हे इथे बसून छातीठोक सांगता येणार नाही. धने हिरवे असताना तोडले असतील तर अंकुर पुरता भरलेलाच नसेल. ओलसर धने तापलेल्या पत्र्यावर गेले असतील तर तिथेच भाजले असतील. डबा गॅसजवळच्या फळीवर राहिला असेल तर वैशाखाने आपलं काम केलं असेल. आणि पेरलं तेव्हा माती गरम असेल, तर धने चांगले असूनही अडून बसले असतील, कारण कोथिंबिरीला उगवायला गारवा लागतो. माझा सर्वांत जास्त संशय पत्र्यावर आणि डब्यावर आहे. पण सुरुवात त्याच्याही आधी, झाड उभं असतानाच करावी लागते.

बहुतेक घरांत काय होतं बघा. कोथिंबीर वाढते तसतशी आपण चांगली, रुंद पानांची, टवटवीत रोपं उपटून खातो. ज्या झाडांना घाईघाईने दांडे फुटले, पानं बारीक झाली, ती खाण्यालायक राहत नाहीत म्हणून सोडून देतो. धने त्यांचेच होतात आणि पुढच्या वर्षी पेरले जातात तेही तेच. म्हणजे आपण स्वतःच्या हाताने लवकर फुलावर जाणारी कोथिंबीर निवडत असतो. दोन-तीन हंगाम असं चाललं की लोक म्हणतात, घरचं बी बिघडलं. बी बिघडलेलं नसतं, निवड उलटी झालेली असते.

उभ्या पिकातून बी निवडणं आपल्या जिल्ह्याला नवं नाही. रब्बी ज्वारीचा मालदांडी ३५-१ हा वाण मोहोळला निवडला गेला तो इथल्याच मालदांडीतून. जुन्या बायका बियाण्याची कणसं उभ्या पिकातून हेरून ठेवायच्या, खळ्यावर रास पडल्यावर नाही. गच्चीवरच्या कोथिंबिरीलाही तोच नियम लावा. सर्वांत आधी जी झाडं फुलावर जातील, त्यांचे धने स्वयंपाकाचे. जी सर्वांत उशिरापर्यंत पाला देत राहिली, ज्यांच्यावर भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, कमी आली, त्यांच्या बुडाला रंगीत दोरा बांधा आणि त्यांचा पाला तोडणं थांबवा. ते पेरणीचे. कोथिंबिरीत परागीभवन मधमाश्या आणि इतर कीटक करतात, त्यामुळे शेजारच्या झाडांचा गुण मिसळतो. म्हणून दोरा बांधलेली झाडं फुलायच्या आधी घाईची झाडं कापून घेता आली तर उत्तम. त्यांचे हिरवे धने ठेच्यात घाला, वाळलेल्या धन्यांना ती चव येणार नाही. आणि पेरणीसाठी एकच झाड ठेवू नका. दहा-पंधरा तरी असू द्या. गच्चीवर जागा नसेल तर जेवढी जमतील तेवढी, पण एकावर विसंबू नका.

आता वेळेचं. सोलापुरात कोथिंबीर वर्षभर पेरली जाते, पण बियाणं धरायचं ते थंडीच्या पिकाचं. आपल्याकडे पावसाचा मोठा वाटा भाद्रपदात पडतो. तो उघडल्यावर, ऑक्टोबरचा उकाडा ओसरला की पेरा. डिसेंबरात फुलोरा येतो, संक्रांतीच्या सुमारास, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत दाणे भरतात आणि जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत पिकतात. तेव्हा हवा कोरडी असते आणि ऊन अजून जाळणारं नसतं. बी पिकायला आणि वाळायला यापेक्षा चांगले दिवस आपल्याला मिळत नाहीत. कोकणातल्या माणसाला हे सुख नाही. उन्हाळी कोथिंबिरीचे धने मात्र पेरणीसाठी ठेवूच नका. त्या उन्हात दाणे पोचट राहतात.

झाडावर सगळे धने एकदम पिकत नाहीत. दाण्यांचे झुपके छत्रीसारखे असतात; त्यांतली मधली, वरची छत्री आधी पिकते, बाजूच्या मागून. सगळ्या पिकेपर्यंत थांबलात तर पहिले दाणे गळून जातील. स्वयंपाकाचे धने थोडे आधी, हिरव्याचे पिवळसर होत असताना काढले तरी चालतात, रंग चांगला राहतो. कच्च्या धन्याला ढेकणासारखा उग्र दर्प असतो, पिकताना तो जातो आणि गोडसर वास येतो. वास बदलला की स्वयंपाकासाठी तयार. पेरणीच्या धन्यांना त्याच्याही पुढे जाऊ द्या. छत्रीतले बहुतेक दाणे तपकिरी झाले आणि तिची दांडी वाळून काडीसारखी तुटायला लागली की सकाळी, दव असताना कापा. दवामुळे दाणे सांडत नाहीत. जमलं तर छत्री-छत्रीने कापा, दोन-तीन फेऱ्या होतील, पण प्रत्येक दाणा भरलेला मिळेल.

कापलेल्या छत्र्या कागदाच्या पिशवीत उलट्या घालून, तोंड सैल बांधून, वारा खेळेल अशा खोलीत टांगा. आठवड्याभरात दाणे हाताने चोळून सुटतात. मग सुपात पाखडा. पोचट दाणे वाऱ्याने उडून जातील, ते जाऊ द्या.

वाळवण्यावर थोडं सविस्तर सांगते, कारण तुमचं नुकसान बहुधा इथे झालं. वाळवणं म्हणजे ऊन, असं आपल्या डोक्यात पापड-कुरडयांमुळे बसलं आहे. बियांना हवं असतं ते ओल निघून जाणं, आणि ते काम कोरडी हवा करते. बियांचं तापमान ३५ अंशांच्या आसपासच राहिलेलं बरं. ४० च्या वर गेलं आणि आत अजून ओल असली की अंकुराला इजा होते. ओलं बी उष्णतेने लवकर मरतं, कोरडं तेवढ्या लवकर मरत नाही. हवेचा पारा ३५ असला तरी उन्हातला पत्रा किंवा स्लॅब त्याच्या कितीतरी वर जातो, पाय ठेवून बघा. त्यामुळे पेरणीचे धने सुती कापडावर पातळ पसरून सावलीत, खिडकीच्या वाऱ्याला ठेवा आणि रोज हात फिरवा. फेब्रुवारीतल्या सोलापुरी हवेत आठ-दहा दिवस पुरतात. संध्याकाळी गोळा करून झाकून ठेवा, म्हणजे रात्रीचा गारवा ते परत ओढून घेणार नाहीत. धना नखाने दाबला तर दबू नये, आणि बत्त्याने हलकं ठोकलं तर कडकन फुटावा, चपटा होऊ नये. स्वयंपाकाचे धनेही सावलीतच वाळवा. कारण वेगळं आहे, उन्हात रंग आणि वासाचं तेल उडतं.

आता डबा. बियाणं साठवणारे दोन ढोबळ नियम पाळतात. बियांतली ओल एक टक्क्याने कमी झाली की त्यांचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि साठवणीचं तापमान पाच अंश सेल्सिअसने उतरलं की पुन्हा दुप्पट. आणखी एक ठोकताळा आहे: फॅरेनहाइटमधलं तापमान आणि हवेतल्या आर्द्रतेचा टक्का यांची बेरीज शंभरच्या आत असावी. हा आपल्या गावाला लावून बघा. मे महिन्यात पारा ४२ सेल्सिअसला गेला की फॅरेनहाइटमध्ये तो १०७ च्या पुढे होतो. आर्द्रता मोजायच्या आधीच शंभर ओलांडले. पुढे मृगापासून तापमान उतरतं तर दमटपणा चढतो. फेब्रुवारीत काढलेल्या धन्याला पेरणीपर्यंत आठ महिने काढायचे असतात आणि त्यात उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही येतात. म्हणून मी म्हणते की आपल्याकडे बी वाळवणं सोपं आणि टिकवणं अवघड.

यावर उपाय फ्रिज आहे. पण आधी पुरतं वाळवायचं, मग घट्ट झाकणाच्या लहान काचेच्या बाटलीत काठोकाठ भरायचं. स्टीलच्या डब्याचं झाकण हवाबंद नसतं, त्यातून ओल आत जात राहते. बाटलीत तळाशी मूठभर तांदूळ कोरडे भाजून, पूर्ण गार करून, सुती पुरचुंडीत बांधून ठेवा, ते उरलीसुरली ओल ओढून घेतात. चिठ्ठी आतच टाका: काय आहे, कोणत्या महिन्यातलं, कोणत्या झाडांचं. बाहेर चिकटवलेला कागद फ्रिजमध्ये गळून पडतो. आणि एक गोष्ट कटाक्षाने पाळा. बाटली बाहेर काढली की लगेच उघडू नका. ती खोलीइतकी कोमट होऊ द्या, नाहीतर बाहेरची वाफ थंड बियांवर पाणी होऊन बसते. याच कारणासाठी एका मोठ्या बरणीपेक्षा तीन-चार लहान बाटल्या बऱ्या.

स्वयंपाकाच्या वाट्याला एवढा सोपस्कार लागत नाही. आपल्याकडे काळं तिखट उन्हाळ्यातच होतं, बरेचसे धने तिथेच लागतात. बाकीचे अख्खेच ठेवा, लागतील तसे भाजून कुटा, पूड करून ठेवली की वास महिन्याभरात उतरतो. भाजलेला दाणा पेरायच्या कामाचा नाही हे सांगायला नको, तरीही भाजणीच्या परातीतून चार दाणे वाफ्यात टाकणारे मी पाहिले आहेत.

दोन्ही वाट्यांना किडीचं भय सारखंच आहे. धन्याला भोक पाडणारी कीड काही वेळा वाफ्यातूनच दाण्याच्या आत येते आणि बंद बाटलीत महिन्या-दोन महिन्यांनी बाहेर पडते. आपण म्हणतो, डबा बंद होता, कीड आली कुठून? ती आतच होती. पुरत्या वाळलेल्या धन्यांची हवाबंद पिशवी फ्रीझरमध्ये चार-पाच दिवस ठेवली की तिचा प्रश्न मिटतो. धने ओलसर असताना हे करू नका, अंकुर गोठून मरेल. जुन्या पद्धतीने राखेत ठेवायचं असेल तर फक्त पेरणीचा वाटा ठेवा. कडुनिंबाचा पाला घालायचा तर तो कुरकुरीत वाळलेला हवा. ओला पाला बरणीत ओलच नेतो.

आणि हे विशेष काळजीने वाचा. कृषी केंद्रातून आणलेलं बियाणं अनेकदा गुलाबी, निळ्या किंवा हिरव्या रंगाचं असतं. तो रंग त्याला औषध चोळल्याची खूण आहे. ते कितीही उरलं, कितीही धुतलं, तरी स्वयंपाकात घ्यायचं नाही, पाखरांनाही घालायचं नाही. उलट बाजूने, मधल्या मारुतीजवळच्या किराणा दुकानातले साधे धने पेरले तर चालतात का? उगवतात, पण ते किती जुने आहेत कळत नाही, आणि बरेचसे दाण्यासाठी घेतलेल्या पिकाचे असल्यामुळे पाल्याला लवकर कंटाळतात. घरी एकदा निवड बसली की त्यांची गरज राहत नाही.

थोडक्यात धन्यांचं असं: घाईची झाडं स्वयंपाकाला, थांबलेली पेरणीला. स्वयंपाकाचे पिवळसर होताना काढायचे, पेरणीचे तपकिरी झाल्यावर. दोन्ही सावलीत वाळवायचे, आणि पेरणीचा वाटा उन्हाळा लागायच्या आत फ्रिजमध्ये.

पेरायच्या पंधरा दिवस आधी उगवण तपासा. वीस धने ओल्या सुती फडक्यात गुंडाळून वाटीत ठेवा आणि फडकं सुकू देऊ नका. धन्याला दहा-बारा दिवस लागतात, चौथ्या दिवशी निराश होऊ नका. वीसपैकी चौदा-पंधरा उगवले तर नेहमीसारखं पेरा, दहाच्या आसपास असतील तर दाट पेरा, पाचांवर आले असतील तर ते धने आमटीत जाऊ द्या. तुमच्या डब्यात अजून काही उरले असतील तर हेच करून बघा. एक धना म्हणजे जोडून असलेल्या दोन बिया. पेरताना कापडावर पसरून लाटणं हलकं फिरवा म्हणजे त्या सुटतात, मग रात्रभर भिजवून बोटाच्या अर्ध्या पेराइतक्या खोल टाका. हे फोडणं पेरायच्या दिवशीच करायचं, साठवताना नाही. आणि घटस्थापनेपेक्षा थोडं थांबा. रात्री पांघरूण लागायला लागलं की माती तयार झाली असं मी धरते.

मेथीचं काम सगळ्यांत सोपं. तिचं परागीभवन फुलातल्या फुलातच होतं, त्यामुळे चार झाडं सोडली तरी गुण टिकतो. शेंगा पिवळ्या पडून वाळल्या की झाड उपटून कापडावर बडवा. मेथीदाणा तीन-चार वर्षं सहज उगवतो आणि तोच फोडणीला चालतो. धने, शेपू, बडीशेप, ओवा यांचं तसं नाही. ही एकाच कुळातली झाडं आणि त्यांचं बी लवकर म्हातारं होतं, त्यामुळे दर हंगामाला ताजं बी धरायची सवय ठेवा.

शेपूचं बी हलकं आणि गळकं, म्हणून छत्री तपकिरी व्हायला लागली की तिच्यावर मलमलची पिशवी बांधा. स्वयंपाकाचा वाटा बाळंतशेप म्हणून घरात उपयोगी पडतोच. बडीशेप लावलीत तर लक्षात ठेवा, मुखवासाची बारीक हिरवी शेप कोवळी तोडलेली असते. ती पेरून उपयोग नाही, पेरणीसाठी दाणा झाडावर पुरता पिकावा लागतो.

तुळशीच्या मंजिऱ्या आपण खुडत राहतो ते योग्यच, पण दोन-चार तपकिरी होऊ द्या, तळहातावर चोळा आणि हलकी फुंकर मारा. बी फार बारीक असतं, मातीवर भुरभुरवून वरून चिमूटभरच माती टाका. सब्जा ठेवत असाल तर एक लक्षात असू द्या. तो पाण्यात फुगला म्हणजे जिवंत आहे असं नाही. फुगतो तो वरचा थर, मेलेला सब्जाही तितकाच फुगतो. सरबताला दोन्ही चालतात, कुंडीला नाही.

राहिला ओवा. तुमच्या कुंडीतला ओवा जाड, मऊ लव असलेल्या, कातरलेल्या काठाच्या पानांचा असेल, ज्याची आपण भजी करतो. ते झाड आणि ओव्याचे दाणे देणारं झाड पूर्ण वेगळी आहेत. एक तुळशीच्या कुळातलं, दुसरं कोथिंबिरीच्या. दोघांच्या वासात साम्य आहे म्हणून नाव एक पडलं. तुमच्या झाडाला तुम्ही कितीही वाट पाहिलीत तरी फोडणीचा ओवा येणार नाही. त्याची बोटभर फांदी खोचली की नवं रोप तयार, बियांची गरजच नाही. पुदिना आणि गवती चहाही फुटव्यांनीच लावतात. कढीपत्त्याचं मात्र बीच लावा, पण काळं पिकलेलं फळ सोलून, गर धुऊन, त्याच आठवड्यात. ते बी वाळवून ठेवलं की मरतं, त्याला बाटली-फ्रिज काही लागू नाही. आणि ते खायचं नसतं, घरात लहान मुलं असतील तर त्यांना सांगून ठेवा.

दाण्याचा ओवा हवा असेल तर किराणा दुकानातला ताजा, न भाजलेला ओवा चमचाभर आणा, फडक्यात उगवण बघा आणि कोथिंबिरीबरोबरच एका रुंद कुंडीत वरवर पेरा. रोपं नाजूक असतात, पाणी झारीने द्या, आणि दाट झाली तर विरळा. त्याला कोथिंबिरीपेक्षा महिना-सव्वा महिना जास्त लागतो, म्हणजे दाणे मार्चमध्ये हाती येतील. तोवर ऊन तापलेलं असेल, तेव्हा छत्र्या तपकिरी दिसू लागल्या की लगेच कापा आणि घरात आणून वाळवा.